घरे आधी झाली, गावे मागाहून झाली
(३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे बेघरपण व पुनर्वसन यांची हकीकत)

देवळाचा जीर्णोद्धार ही गावाच्या आयुष्यातील मोठी घटना असते. पोटापुरते पिकू लागले, मुलाबाळांच्या डोक्यावर छप्पर आले, दोन सुगी बऱ्या गेल्या, म्हणजे गावाचे लक्ष देवळाच्या पडक्या भिंतीकडे जाते. म्हणून नव्या कळसाकडे पाहताना त्याआधी या भागाने काय काय सोसले याचीही आठवण ठेवणे योग्य होय. लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) या दोन जिल्ह्यांत ही आठवण ३० सप्टेंबर १९९३ या एका तारखेपाशी येऊन थांबते. ज्यांनी ती पहाट जाणत्या वयात पाहिली ते आज उतारवयाला लागले आहेत. त्यानंतर जन्मलेल्यांना ती केवळ ऐकून माहीत आहे. सबब तरुण पिढीच्या आणि बाहेरगावच्या देणगीदारांच्या माहितीसाठी त्या भूकंपाची, त्यानंतरच्या बेघरपणाची आणि गावे पुन्हा उभी राहिली त्या लांबलचक वाटचालीची हकीकत येथे थोडक्यात दिली आहे.

भूकंपापूर्वीची गावे

तेरणा नदीच्या दोन्ही अंगांची ही गावे काळ्या जमिनीची. ज्वारी, तूर, उडीद, हरभरा, करडई ही येथील पिके. शेत विस्तीर्ण, पण गावठाण दाट. पिढ्यान्‌पिढ्या त्याच पांढरीत घराला घर लागून उभे राहिले आणि मधून एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढे बोळ उरले.

घर बांधण्याची रीत ठरलेली होती. दोन ते तीन फूट, कोठे त्याहूनही जाड अशा दगडी भिंती. दगड परिसरातलाच, काळा. भिंतीचा एक थर आतून व एक बाहेरून रचायचा आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती भरायची. दगड सांधायला बहुधा चिखलच वापरला जाई. चुना ऐपतदारांच्या वाड्यांना. आत लाकडी खांब व तुळया यांचे खण, खणांवर लाकडाचे पाटण आणि त्यावर मातीचे माळवद. माळवद उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. त्यावर धान्य वाळवता येई, उन्हाळ्यात निजता येई. पाऊस गळू नये म्हणून दरसाल पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती चढे. जुनी माती मात्र कोणी उतरवीत नसे. अशा रीतीने बापाच्या आणि आजोबाच्या काळची माती एकावर एक साचत जाऊन कित्येक माळवदांवर फूट-दोन फूट जाडीचा भार तयार झाला होता.

ही घरे ऊन, थंडी व चोर यांच्यापासून रक्षण करणारी होती. जमीन हलेल हा विचार त्यात नव्हता, आणि तो नसण्याला कारणही होते. दख्खनचे पठार हे स्थिर समजले जाई. देशाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. महाराष्ट्राला भूकंप ठाऊक होता तो कोयनेचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात मोठा भूकंप होऊन पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली होती. परंतु तो भाग सह्याद्रीच्या कुशीतला व धरणाजवळचा. मराठवाड्याला त्याची भीती कोणी घातली नव्हती.

आधीची सूचना

तथापि जमिनीने सूचना दिली नाही असे म्हणता येणार नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत किल्लारी व आसपास जमिनीतून गडगड आवाज येऊ लागले आणि लहानमोठे धक्के बसले. भांडी वाजली, भिंतींना तडे गेले. लोक घाबरून कित्येक रात्री अंगणात, रस्त्यावर व शेतात निजले. पुढे धक्के विरळ झाले. थंडी वाढली, शेतीची कामे आली. घर असून माणसाने किती दिवस बाहेर निजावे? हळूहळू सर्व जण आपापल्या माळवदाखाली परतले. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही. परंतु तडे गेलेल्या भिंती तशाच राहिल्या, माळवदावरची माती तशीच राहिली, आणि वर्ष जेमतेम भरते न भरते तोच ती पहाट उगवली.

ती पहाट

२९ सप्टेंबर १९९३, बुधवार, अनंत चतुर्दशी. गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले. मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या. दमलेली माणसे घरी येऊन गाढ झोपी गेली. गुरुवारी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ इतकी नोंदली गेली. जगात याहून मोठे भूकंप पुष्कळ झाले आहेत. परंतु या भूकंपाचे मूळ जमिनीखाली फार खोल नव्हते, वेळ झोपेची होती आणि घरे वर सांगितल्याप्रमाणे होती.

धक्का काही क्षणांचाच. तेवढ्यात दगडी भिंतींचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटून फाकले, चिखलाने दगड धरून ठेवले नाहीत आणि वरची टनावारी माती खाली आली. बोळ अरुंद असल्यामुळे जे दाराबाहेर पडले त्यांच्यावरही समोरच्या घराची भिंत कोसळली. कित्येक ठिकाणी लाकडी खण उभेच राहिले आणि भिंती तेवढ्या गेल्या. छपराच्या किंवा कुडाच्या खोपीत राहणारी गरीब माणसे पुष्कळ वाचली. ज्यांना गाव भाग्यवान म्हणे, त्या वाड्यातील माणसे अधिक दगावली. शेतात राखणीला गेलेला वाचला आणि घरी निजलेले त्याचे कुटुंब गेले, अशा हकीकती गावोगावी ऐकावयास मिळतात.

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी, तळणी, मंगरूळ, लिंबाळा आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही त्या दिवशी सर्व देशाला माहीत झालेली नावे. एकंदर ५२ गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली व सुमारे सोळा हजार जखमी झाली. गोठ्यात बांधलेली पंधरा हजारांवर जनावरे मेली. तेरा जिल्ह्यांतील घरांचे कमीअधिक नुकसान झाले. पौर्णिमा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष सुरू झाला. त्या वर्षीचा पितृपक्ष साऱ्या पंचक्रोशीचा एकच झाला.

उघड्यावरचे दिवस

तत्कालीन मुख्यमंत्री श्री. शरद पवार त्याच दिवशी सकाळी घटनास्थळी आले. सैन्य, पोलीस, होमगार्ड, डॉक्टर, महाविद्यालयीन विद्यार्थी व स्वयंसेवक पोहोचले. जखमींना लातूर, उमरगा व सोलापूर येथील रुग्णालयांत हलविण्यात आले. परंतु बाहेरची मदत येईपर्यंत ढिगारा उपसण्याचे काम वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावकऱ्यांनी हातांनी, खोऱ्या-टिकावांनीच केले. दहनास लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्या तुळया व खांब सरणाला लावले गेले. ज्या लाकडाने पिढ्यान्‌पिढ्या घर तोलून धरले त्याचाच असा शेवट झाला.

त्यातच पाऊस आला. हस्त नक्षत्राचा पाऊस शेतकरी एरवी हात जोडून मागतो. त्या वर्षी तो ढिगाऱ्यांवर व उघड्यावर बसलेल्या माणसांवर कोसळला. मातीचा चिखल झाला आणि ढिगारा उपसणे अवघड झाले. धान्याची पेवे व कणगी ढिगाऱ्याखाली, कपडे-भांडी ढिगाऱ्याखाली, दागदागिने आणि जमिनीचे कागदही ढिगाऱ्याखाली. काल ज्याच्या घरी दहा माणसे पंगतीला बसत तो आज भाकरीच्या रांगेत उभा राहिला. देशाच्या कानाकोपऱ्यातून धान्य, कपडे, ब्लँकेट यांच्या मोटारी आल्या. देणाऱ्यांचे उपकार कोणी विसरलेले नाही. परंतु ज्याला आयुष्यभर देण्याची सवय, त्याला हात पसरताना काय वाटले असेल हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्यास सांगण्याची गरज नाही.

बेघर होणे म्हणजे केवळ छप्पर जाणे नव्हे, हे त्या दिवसांत समजले. घराबरोबर चूल गेली, न्हाणी गेली, स्त्रियांचा आडोसा गेला, बाळंतिणीची खोली गेली, म्हाताऱ्याची ओसरी गेली. देवघर गेले. पाहुणा आला तर त्याला बसवायचे कोठे, हा प्रश्न पडला. आणि रात्री धक्के चालूच होते. ते पुढे कित्येक महिने जाणवत राहिले. भिंत शाबूत असलेली माणसेही तिच्याखाली निजेनात.

तरीसुद्धा रब्बीची पेरणी पुढे उभी होती. बैल मेलेले, अवजारे मोडलेली, घरात कर्ता माणूस उरलेला नाही, अशा स्थितीतही ज्यांना शक्य झाले त्यांनी एकमेकांच्या बैलांवर, आलेल्या बियाण्यावर पेरण्या उरकल्या. पुनर्वसनाचा पहिला दिवस म्हणावयाचा झाला तर तो पेरणीचा दिवस होय. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट कोणी पाहिली नाही.

पत्र्याचे शेड

पुढील मुक्काम पत्र्याच्या शेडचा. शासनाने व संस्थांनी गावोगावी पत्र्याचे तात्पुरते निवारे उभे केले. तात्पुरते म्हणून बांधलेल्या या शेडमध्ये कित्येक कुटुंबांची दोन-दोन, तीन-तीन वर्षे गेली. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्रा तापला की दुपारी आत बसवत नसे. पावसाळ्यात त्यावरच्या आवाजाने बोललेले ऐकू येत नसे. एका ओळीत अनेक घरे, मधे एक पत्रा, शेजारच्या घरातील खोकलाही ऐकू येई.

याच शेडमध्ये लोकांनी संसार पुन्हा मांडले. पत्नी गेलेले पुरुष आणि पती गेलेल्या स्त्रिया यांचे पुनर्विवाह झाले. काही सुखाचे झाले, काहींत मुलांचे हाल झाले. मदतीच्या रकमेवरून भावाभावांत तंटे झाले, तसेच भावाची पोरकी मुले पोटच्या पोरांसारखी सांभाळणारी माणसेही निघाली. काहींनी दुःख विसरण्यासाठी वाईट मार्ग धरला आणि मदतीचा पैसा त्यात घालवला. हे सर्व नमूद करणे आवश्यक आहे. संकटात सर्व माणसे देवमाणसे होतात असे नाही. परंतु देवमाणसे कोण ते संकटात कळते.

मुलांच्या बाबतीत एका कार्याचा उल्लेख केलाच पाहिजे. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने, श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची व्यवस्था केली. पुढे वाघोली येथे त्यांच्यासाठी शैक्षणिक संकुल उभे राहिले. तेथून शिकून मुले नोकरी-व्यवसायाला लागली. घर पडल्यावर शाळाही सुटली असती तर या गावांची एक पिढी वाया गेली असती.

यादी आणि सातबारा

कायम पुनर्वसनासाठी शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मोठा कार्यक्रम हाती घेतला. १९९४ पासून त्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो चालला. गावांचे वर्ग पाडण्यात आले. संपूर्ण उद्‌ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची, दुसऱ्या वर्गातील २२ गावांत घरे नव्याने बांधायची, आणि कमी नुकसान झालेल्या इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे, असे ठरले.

गावे हलवावीत ही पुष्कळ ठिकाणी लोकांचीच मागणी होती. ज्या ढिगाऱ्यातून आपली माणसे काढली त्यावर पुन्हा चूल मांडण्यास मन धजत नव्हते. नव्या गावठाणासाठी जमिनी संपादन झाल्या. त्या कोणाच्या तरी पिकत्या जमिनी होत्या. म्हणजे गावाच्या घरासाठी काही शेतकऱ्यांनी आपली काळी आई दिली. हेही एक दानच होते, पण दानशूरांच्या फलकावर ते नाव सहसा नसते.

घराचे क्षेत्रफळ जमिनीवरून ठरले. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट. नियम म्हणून हे सुटसुटीत होते. परंतु घर हे सातबाऱ्यावरील क्षेत्राने भरत नाही, माणसांनी भरते. भूमिहीनाच्या घरी आठ माणसे असू शकतात आणि मोठ्या खातेदाराच्या घरी भूकंपानंतर एकच उरलेला असू शकतो. शिवाय सातबारा थोरल्याच्या नावे, धाकटे एकत्र कुटुंबात. मग कुटुंब एक धरायचे की तीन? विधवा सुनेचे नाव कोठे लावायचे? पुण्या-मुंबईस कामाला गेलेला मुलगा गावचा धरायचा की नाही? पंचनामा, मतदारयादी, शिधापत्रिका, सातबारा असे कागद पुढे ठेवून या प्रश्नांची उत्तरे काढावी लागली. काही उत्तरे बरोबर निघाली, काही चुकली. यादीत नाव नाही म्हणून चकरा मारणारी माणसे कित्येक वर्षे कचेरीच्या आवारात दिसत. यादी करणाऱ्यास ते एक नाव असते. ज्याचे राहिले त्याचे ते घर असते.

नवे गाव, सरळ रस्ते

देशभरातील सेवाभावी संस्था, उद्योगसमूह व वृत्तपत्रे यांनी गावे दत्तक घेऊन घरे बांधली. केरळातील मल्याळ मनोरमा या वृत्तपत्राने बाणेगाव बांधले. त्याच्या आखणीत लॉरी बेकर या विख्यात वास्तुतज्ज्ञांचे साहाय्य होते. गुबाळ येथे घुमटाच्या आकाराची घरे झाली. बहुतेक ठिकाणी मात्र सिमेंट-काँक्रीटची एकसारखी घरे, चौकोनी प्लॉट आणि सरळ रुंद रस्ते असाच नमुना राहिला. शाळा, ग्रामपंचायत, समाजमंदिर, दवाखाना यांसाठी जागा राखल्या गेल्या. दाट गावठाणाच्या कित्येक पट जागेवर नवी गावे पसरली.

ही घरे भूकंपाला टिकणारी होती आणि लोकांना तेव्हा तेच हवे होते. दगड म्हटले की अंगावर काटा येत असे. परंतु राहावयास गेल्यावर उणिवा दिसू लागल्या. गोठ्याला जागा नाही. कडबा रचायला, धान्य साठवायला, औत-अवजारे ठेवायला जागा नाही. स्लॅब उन्हाळ्यात तापतो. शेत पूर्वी गावकुसाला लागून होते, ते आता दूर पडले. प्लॉट घराच्या आकारमानाप्रमाणे एका ठिकाणी आखल्यामुळे २५० फुटांची ओळ एकीकडे व ७५० फुटांची दुसरीकडे झाली आणि भावकी फुटली. ज्या शेजाऱ्याच्या चुलीतला विस्तव आणून आपली चूल पेटत असे तो आता चार रस्ते ओलांडून राहू लागला. सुताराचा कामठा, न्हाव्याची ओटी, म्हाताऱ्यांचा पार यांना नकाशात जागा नव्हती. रस्ते एवढे रुंद की संध्याकाळी दारात बसून समोरच्याशी बोलता येईना.

मग लोकांनी आपापल्या परीने सुधारणा केल्या. घरापुढे पत्र्याची पडवी काढली, मागे छपराचा गोठा घातला, अंगणाला कूड घातला. काहींनी जुन्या गावठाणातील दगड व लाकूड आणून एक खोली वाढवली. काही कुटुंबे जनावरांसह जुन्या जागेजवळ किंवा शेतात राहावयास गेली आणि नव्या घराला कुलूप लावले. बाहेरून येणारे पाहुणे याला लोकांचे अज्ञान म्हणत. वास्तविक ते अज्ञान नव्हते. घराचे घर करण्याची ती धडपड होती. मात्र वाढवलेल्या खोलीच्या भिंती पुन्हा चिखलात रचल्या असतील तर तो धोका आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

दुरुस्तीची गावे

५२ गावांची माहिती सर्वांना आहे. जी गावे जागेवरच राहिली त्यांची हकीकत कमी सांगितली जाते. तडे गेलेल्या घरांना दुरुस्तीसाठी नुकसानीप्रमाणे १७,००० व ३४,००० रुपयांपर्यंत साहाय्य, तेही काम होईल तसे हप्त्याहप्त्याने, अशी योजना होती. काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे. अभियंत्यांनी उपाय सांगितले ते असे: भिंतीत ठराविक अंतरावर आरपार जाणारा दगड किंवा सळईचा बांध घालून दोन्ही थर एकमेकांस जखडावेत, दार-खिडकीच्या वर व छताच्या पातळीवर सर्व भिंतींवरून सळई-काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा, माळवदावरची माती कमी करावी, खांब व तुळई यांच्या सांध्याला तिरपे आधार द्यावेत. उपाय साधे व स्वस्त होते. परंतु जुन्या भिंतीवरचा विश्वासच उडाल्यामुळे पुष्कळांनी मजबुतीकरणाऐवजी त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोलीच बांधली.

या कामात स्त्रियांनी जी जबाबदारी घेतली ती विशेष होय. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक नेमल्या गेल्या. योजना समजावून सांगणे, हप्ता अडला तर पाठपुरावा करणे, सिमेंट-सळईचे काम नीट होते की नाही पाहणे, ही कामे ज्या बायका पूर्वी चावडीची पायरी चढत नव्हत्या त्यांनी केली. पुढे २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा या भागातील अनुभवी स्त्रिया तेथे गेल्या आणि आपला अनुभव तेथील भगिनींना सांगितला. जेथे मदत आली होती तेथून मदत गेली. याहून मोठे पुनर्वसन कोणते?

देव आणि गाव

नव्या गावात घरे झाली, रस्ते झाले, विजेचे खांब झाले, तरी लोक पुष्कळ वर्षे त्याला 'कॉलनी' किंवा 'पुनर्वसन' म्हणत आणि ढिगाऱ्याला 'गाव' म्हणत. याचे एक कारण देव जुन्या जागी होते हे होय. किल्लारीच्या नीळकंठेश्वराचे प्राचीन देवालय सर्व भागास परिचित आहे. अशा पुरातन देवालयापासून वेशीवरच्या शेंदऱ्या मारुतीपर्यंत प्रत्येक गावाचे आपले ठाणे होते. पीर-दर्गे होते, समाध्या होत्या. घर हलवता येते, ठाणे कसे हलवावे? काही ठिकाणी गावकऱ्यांनी नव्या गावात मूर्तीची स्थापना केली, काही ठिकाणी देव जुन्या जागीच ठेवून सणावारी तिकडे जाण्याची रीत पाडली. पोळ्याला बैल कोठल्या मारुतीपुढून न्यायचे यावर बैठका झाल्या. या गोष्टी बाहेरच्यास क्षुल्लक वाटतील. परंतु वर्गणी काढून पहिला सप्ताह बसला, वेगवेगळ्या ओळींत विखुरलेली भावकी एका पंगतीला बसली, म्हाताऱ्यांना टेकायला पार मिळाला, त्या दिवसापासून पुनर्वसनाला लोक 'गाव' म्हणू लागले.

'गाव करी ते राव न करी' अशी म्हण आहे. या इतिहासाकडे पाहता ती निम्मी खरी आहे. एवढी घरे एवढ्या वेळात रावाशिवाय, म्हणजे शासनाशिवाय व दात्यांशिवाय, झाली नसती. परंतु घरांचे गाव करण्याचे काम मात्र गावालाच करावे लागले आणि त्याला पाच नव्हे, पंचवीस वर्षे लागली.

उरलेली कामे व बोध

अजूनही सर्व झाले असे नाही. १९९३ साली जी मुले होती त्यांचे संसार झाले. २५० चौरस फुटांत दोन-दोन, तीन-तीन कुटुंबे नांदत आहेत. भूकंपग्रस्तांना शासकीय नोकरीत दोन टक्के समांतर आरक्षण मिळाले, त्याचा लाभ अनेकांस झाला. ज्यांचे कागद अपुरे त्यांना दाखल्यासाठी धावपळ करावी लागली. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. गणपती विसर्जनाच्या रात्री कित्येक घरांतील वडीलधाऱ्यांना आजही झोप येत नाही.

भूकंपानंतर देशाचा भूकंप नकाशा बदलला. २००२ च्या सुधारणेत सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात, गणला गेला. नकाशा बदलला, तशी गवंड्याच्या हाताची सवयही बदलली पाहिजे. आज पुन्हा गावोगावी मजले चढत आहेत. सळईचा पट्टा 'खर्च वाढतो' म्हणून गाळला जातो. दगडाने माणसे मारली असे लोक म्हणतात, परंतु दगड निर्दोष आहे. न जोडलेली भिंत आणि न उतरवलेली माती यांनी माणसे मारली.

जीर्णोद्धाराच्या कामालाही हेच लागू आहे. जुन्या देवळाचे दगड नीट घडवून, एकमेकांत बसवून ज्यांनी रचले त्यांना जोड म्हणजे काय हे माहीत होते. तेव्हा शिखर उंच करण्यापूर्वी पाया व भिंत पाहावी, जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा, सभामंडपाच्या छतावर वृथा भार घालू नये आणि दारे रुंद ठेवावीत. कारण सप्ताहात, यात्रेत सारे गाव याच छताखाली निजते. देणगीदारांची प्रत्येक पै कळसाइतकीच पायातही लागावी. पायातले काम कोणास दिसत नाही. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्याची परीक्षा झाली ते हेच न दिसणारे काम होते.

त्या पहाटे गेलेल्या सर्व ज्ञात-अज्ञात जीवांना सद्‌गती लाभो, ज्यांनी पडलेल्या गावांना हात दिला त्या सर्व दात्यांचे कल्याण होवो, आणि पुन्हा कोणत्याही गावावर उघड्यावर निजण्याची वेळ न येवो, हीच देवाचरणी प्रार्थना.